हिराबाईचं पांढरं कापड

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर तर असं आहे की माझीच मुलगी म्हणते, आई, हे तू लिहिलंस की उसवलंस. तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका नाताळचा अंक काढतात, त्यासाठी पाळकीणबाईंनी, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नीनं, मला लिहायला सांगितलं. विषयही त्यांनीच दिला, 'कामाची चालढकल आणि ख्रिस्ती जीवन'. वर हसून म्हणाल्या, या विषयातलं तुझ्याइतकं आपल्यात कुणालाच कळत नाही. ते सांगून त्यांना दोन नाताळ झाले. मला चार माणसांत बोलता येत नाही. उपासनेत साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायची, वेळ आली की मी खाली मान घालून गीतांच्या पुस्तकाची पानं उलटत बसते. म्हणून घरी, वहीत लिहिते आहे.

लग्न होऊन मी नगरकडून भिवंडीला आले. आमचे हे लूममध्ये जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करायचा. आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागूनच कारखाना होता. माग चालू असले की भिंतीवरचा आरसा थरथरायचा आणि शेजारीण काय म्हणते ते तिच्या ओठांवरून ओळखावं लागायचं. शुक्रवारी माग बंद. त्या दिवशी मला माझ्या शिलाई मशीनचा आवाज ऐकू यायचा आणि तो फार मोठा वाटायचा. मी ब्लाउज, परकर, फ्रॉक, सलवार-कुर्ते शिवायची. ईद, दिवाळी, लग्नसराई आणि नाताळ, वर्षातून चार वेळा माझ्या दाराशी बायका भांडायला उभ्या असायच्या.

शिंपी 'उद्या या' का म्हणतो, ते मी सांगते. लोकांना वाटतं आळस. मी आळशी नव्हते. पहाटे नळाला पाणी आलं की उठायची ती दिवे लागेपर्यंत पाय मशीनवरून निघायचा नाही. पण शिलाईत मशीन चालवणं हा सगळ्यात सोपा भाग. खरं काम कात्रीचं. शिवण चुकली तर उसवता येते, कापलेलं कापड पुन्हा अखंड होत नाही. जे कापड अवघड वाटायचं ते मी घडी करून पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवायची आणि हाताखालची साधी पोलकी पुढे ओढायची. साध्या पोलक्यांना तोटा नव्हता, त्यामुळे मी सदाच कामात असायची आणि ट्रंकही सदाच भरलेली असायची. दुसरी गोष्ट, मला नाही म्हणता येत नाही. समोर बाई उभी राहिली, कापड पुढे केलं, की माझ्या तोंडून हो निघून जायचं. तिला नाही म्हणून तिचं तोंड उतरलेलं बघण्यापेक्षा हो म्हणून महिनाभर तिला टाळणं मला सोपं वाटायचं.

गिऱ्हाइकांनी माझी ही खोड ओळखली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शकीलाबी राहायच्या, त्यांच्या नवऱ्याचे स्वतःचे माग होते. त्या कापड देताना सांगायच्या, "बाजी, जुमे को ननद की मंगनी है, इज्जत का सवाल है." मी जीव तोडून शिवून द्यायची. पुढे कळलं की त्यांच्या नणंदेला दोन मुलं आहेत. मी एकदा धीर करून विचारलं, तर हसून म्हणाल्या, "तो क्या करूँ, सच बोलूँ तो ईद का जोड़ा बकरीद को मिलता है." एक मास्तरीणबाई लग्नातला ब्लाउज मापाला आणून द्यायच्या आणि अगदी असाच बसला पाहिजे म्हणायच्या. त्यांच्या लग्नाला तेव्हा वीसेक वर्षं झाली असतील. मी दोन बोटं जास्त ठेवून शिवायची आणि मापाचाच आहे म्हणायची. एवढं खोटं प्रभू पोटात घालील अशी मला आशा आहे.

आता हिराबाईबद्दल लिहिते. तिच्यासाठीच लिहायला बसले, पण इथपर्यंत यायला दोन पानं लागली.

हिराबाई जवळच्या कोन गावची. सुक्या मासळीची टोपली घेऊन आमच्या गल्लीत यायची. माझी मोठी मुलगी पहिलीत होती त्या वर्षी ती एकदा टोपली बाहेर ठेवून हात पुसत आत आली आणि कागदात गुंडाळलेलं पांढरं टेरिकॉट माझ्यापुढे ठेवलं. तिची मुलगी वनिता दहावी झाली होती आणि तिला नर्सिंगच्या शाळेत जागा मिळाली होती. त्यांच्या घरात एवढी शिकलेली ती पहिली. वडील नव्हते. थोरला भाऊ मुलीला बाहेर ठेवायला तयार नव्हता, हिराबाईनं रडून-भांडून त्याला कसंबसं हो म्हणायला लावलं होतं. हजर व्हायच्या दिवशी गणवेश पाहिजे होता. पांढरा कॉलरचा फ्रॉक, पुढे बटणं, पाठीला चुण्या, कमरेला पट्टा. असे दोन.

मी असलं काही कधी शिवलं नव्हतं. पण हिराबाई म्हणाली, "तुमच्यातल्या बाया सगल्या नर्सच असतान गो. तुला काय शिकवाचा?"

आमच्यात नर्सा पुष्कळ होत्या हे खरंच होतं. तिला वाटलं, ख्रिस्ती बाईला हा गणवेश जन्मतःच येत असणार. त्या वेळी मी म्हणायला पाहिजे होतं की बाई, मला येत नाही, दुसरीकडे टाक. मी हो म्हटलं. तिनं शिलाई आगाऊ दिली, सगळी. मासळीचे पैसे हातात टिकत नाहीत म्हणाली.

ते कापड ट्रंकेत गेलं. आमच्या मंडळीतल्याच एक नर्सबाई दोन गल्ल्या सोडून राहायच्या. त्यांचा जुना फ्रॉक मागून आणला असता आणि वर ठेवून माप घेतलं असतं तर काम होतं. मला मागायला लाज वाटली. त्या विचारतील, तुला एवढंही येत नाही का. मग मी काय केलं, तर ते काम प्रार्थनेत ठेवलं.

हे बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून सांगते. आमच्याकडे बुधवारी एकेकाच्या घरी प्रार्थना असते, तिथे जो तो आपली विनंती सांगतो. कुणाचं दुखणं, कुणाची नोकरी. मी सांगितलं, हातातल्या एका कामासाठी प्रार्थना करा. सगळ्यांनी डोळे मिटून केली. घरी येताना मला इतकं हलकं वाटलं, जसं काही फ्रॉक शिवूनच झाले. दुसऱ्या बुधवारीही तसंच. मी देवाला रोज आठवण करायची आणि ट्रंक उघडायची नाही.

त्यात आणखी एक झालं. प्रभुभोजनाच्या मेजासाठी नवी चादर करायची होती, पाळकसाहेबांनी विचारलं कोण करील. मी पुढे झाले. चार माणसांत तोंड न उघडणारी मी, तेव्हा मात्र हात वर केला. त्या चादरीच्या काठाला मी द्राक्षाच्या वेलीचं भरतकाम केलं. आठ दिवस दुसरं काही हातात घेतलं नाही. हिराबाईचं काम मागे पडतंय हे मला कळत होतं, पण मी स्वतःला म्हणायची, देवाचं काम आधी. रविवारी सगळ्या बायका चादरीला हात लावून बघत होत्या. माझ्या आयुष्यात मला एवढं कुणी नावाजलं नाही.

हिराबाई कपडे न्यायला येणार त्या दिवशी सकाळी मी कापड काढलं. दोन्ही फ्रॉकांचं एकदम कापावं, वेळ वाचेल, म्हणून दुहेरी घडी घातली. खांदे बरोबर कापले. आणि गळ्याशी आल्यावर माझा हात, ज्यानं हजारो पोलकी कापली, तो आपोआप ब्लाउजच्या गळ्यासारखा खोल फिरला. कॉलर बसायला गळा वर पाहिजे. मी कात्री थांबवली तेव्हा दोन्ही घड्यांतून अर्धा गोल खाली पडला होता. दोन्ही फ्रॉक गेले. कॉलर लावायला जागाच उरली नाही. कापडाचा तुकडा जास्तीचा नव्हता आणि नवं आणायला घरात पैसे नव्हते, शिलाईचे केव्हाच खर्च झाले होते.

दुपारी हिराबाई वनिताला घेऊन आली. वनिता म्हणजे लांब, सडसडीत मुलगी, दाराच्या चौकटीशी उभी. मी सांगितलं, मशीन बिघडलं, उद्या देते. मुलगी म्हणाली, "उद्या मला हजर व्हायचंय." मी म्हटलं, परवा नक्की. ती साडी नेसून गेली. तिथल्या बाईंनी तिला आठवड्याची मुदत दिली, सोमवारी गणवेशात या म्हणाल्या. हिराबाई मला तसं सांगून गेली आणि रविवारी न्यायला येईन म्हणाली.

त्या आठवड्यात मी काय काय करू शकले असते, याचा विचार मी पुढे इतक्या वेळा केला की आता तो पाठ झाला आहे. ह्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मालकाकडून उचल घेतली असती. शकीलाबींकडे उसने मागितले असते तर त्यांनी दिले असते. खरं बोलले असते तर हिराबाईनं मला चार शिव्या देऊन दुसरीकडून शिवून घेतले असते. त्यातलं मी काहीच केलं नाही. रविवारी ती यायची म्हणून मी सकाळीच उपासनेला गेले, नंतर बायकांची सभा होती तिला बसले, मग झाडलोट करायला थांबले. दिवेलागणीला घरी आले तेव्हा शेजारीण म्हणाली, तुमची मासळीवाली पायरीवर बसून बसून गेली.

सोमवार गेला. वनिताच्या भावाला निमित्तच पाहिजे होतं. जिथं अंगावर घालायचा कपडा मिळत नाही तिथं शिक्षण कसलं, म्हणाला, आणि विषय बंद केला. हे मला हिराबाईनं पुष्कळ महिन्यांनी सांगितलं. ती टोपली न घेताच आली होती. आरडाओरड काही केली नाही. दारातच उभी राहिली.

"पोरीचा लगीन ठरला," ती म्हणाली. "आता शिवू नको. कापड तरी दे परत. पोलकी करीन."

तेही मला देता येत नव्हतं, दिलं असतं तर चुकीचा कापलेला गळा तिला दिसला असता. मी म्हटलं, कापडाचे आणि शिलाईचे पैसे देते, पुढच्या महिन्यात. ती म्हणाली, "तुझा पुढचा महिना कवा येतंय गो?" आणि गेली.

त्यानंतर ती दोन-तीनदा आली. तिची हाक ऐकली की मी आतून कडी लावायची. मागांच्या आवाजात तिला वाटत असेल ऐकू गेलं नाही. पुढे मंदी आली, ह्यांचा कारखाना काही महिने बंदच होता, तेव्हा मला कारण मिळालं. मग मंदीही गेली. हिराबाईचं येणं बंद झालं आणि मी गुडघे टेकून देवाचे आभार मानले. हे लिहायला मला फार जड जातं आहे.

पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. मेजावर माझी चादर. तिच्यावर भाकर आणि प्याला. ज्याचं कुणाशी काही अडलं असेल त्यानं ते आधी मिटवावं, असं पाळकसाहेब दर वेळी सांगायचे. मी ते घ्यायला उठायची नाही. आधी माझ्या धाकट्या बाळाचं कारण, मग डोकेदुखीचं. पुढे मी मागच्या बाकावर बसायला लागले आणि सगळे पुढे गेले की खिडकीतून बाहेर बघायची. माझ्या हातची वेल सगळ्यांना दिसायची, मीच तिच्याकडे बघत नसे. अशी वर्षं गेली. मोठी मुलगी आठवीत गेली.

नव्या पाळकीणबाई आल्या त्या आम्हा सगळ्यांहून वेगळ्या. मोठ्या आवाजाच्या, भराभर चालणाऱ्या. त्यांनी दोन-तीन महिने बघितलं असेल. एका पहिल्या रविवारी उपासना सुटल्यावर माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि काय अडलंय ते सांग म्हणाल्या. मी सांगितलं. कसं कोण जाणे, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, बाई, एवढी वर्षं मी रोज प्रार्थना करते आहे यासाठी.

त्या म्हणाल्या, "देवाला एकदाच सांगितलंस तरी त्याला कळतं. तो काय विसरतो का? आता हिराबाईला सांग."

मी म्हटलं, पैसे जमले की जाते.

"पैसे नंतर. आधी तोंड ने."

मी म्हटलं, बुधवारी जाऊ. त्या उठल्या, चपला घातल्या आणि माझ्या चपला उचलून माझ्यापुढे ठेवल्या. देवापुढचं अर्पण तिथंच ठेवून आधी जा, समेट कर, असं प्रभूनं सांगितलंय, बुधवारपर्यंत थांब असं कुठं सांगितलंय, म्हणाल्या. आम्ही तशाच निघालो. कोनला उतरून विचारत विचारत गेलो. तीनदा वाटलं की परत फिरावं. पण पाळकीणबाई पुढे चालत होत्या आणि त्यांना एकटीला सोडून परत फिरणंही माझ्यानं होईना. माझा भित्रेपणा तेवढा एकदा उपयोगी पडला.

हिराबाई अंगणात सुपात काहीतरी निवडत बसली होती. फार वाळली होती. मला ओळखलं तिनं लगेच. मी उभ्यानंच सांगितलं, मशीन बिघडलं नव्हतं, मी कापड चुकीचं कापलं होतं, आणि रविवारी मुद्दाम घरी नव्हते. बोलताना मला रडू आलं. ती सूप पाखडत राहिली.

मग म्हणाली, "कापलास तं सांगाचा होता. मी दुसरा आणला असता. डागिना मोडला असता. मना वाटला, तू शिवतेस."

मी पदराच्या गाठीतले होते तेवढे पैसे पुढे केले. तिनं हात लावला नाही. "मना कशाला? कापड तिचा होता. तिला नेऊन दे. वज्रेश्वरीला दिलंय तिला." तिनं आम्हाला पाणी दिलं, चहा दिला नाही. मला क्षमा केली का, ते मी विचारलं नाही आणि ती बोलली नाही. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर ती गेली. आणखी एक पावसाळा मी थांबले असते तर एवढंही झालं नसतं.

वज्रेश्वरीला देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वनिताच्या नवऱ्याचं नारळ-फुलांचं दुकान होतं. एस्टीतून उतरून मी एकटी गेले, पाळकीणबाई या वेळी मुद्दामच आल्या नाहीत. दुकानात वनिताच बसली होती. अंगानं भरली होती, चष्मा लागला होता. मी कोण ते सांगितलं. तिनं हातातला नारळ खाली ठेवला आणि मी बोलत होते तेवढा वेळ ऐकून घेतलं.

"दोन गणवेशांचं कापड आणि शिलाई," ती म्हणाली. "कापड आजच्या भावानं धरा."

मी हो म्हटलं. तिचं बरोबरच होतं. मी म्हटलं, आज एवढेच आहेत, बाकीचे लवकरच…

"लवकर म्हणू नका बाई. तारीख सांगा. आणि पाठवू नका कुणाबरोबर, स्वतः या."

तिनं पैसे मोजून घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. तेव्हापासून दर महिन्याला ह्यांचा पगार झाला की दुसऱ्या दिवशी मी वज्रेश्वरीची एस्टी पकडायची. ती बस म्हणा, मी म्हणा, कधी चुकलो नाही. दुकानात पाच मिनिटांचं काम. ती बसा म्हणायची नाही, मीही बसायची नाही. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की ती तारीख गाठायची म्हणून महिन्याची इतर कामंही मी वेळेवर करते आहे. कापड आलं की त्याच दिवशी, गिऱ्हाईक पायरी उतरायच्या आत, मी खडूनं खुणा करायला लागले. जमणार नसेल ते तिथल्या तिथे परत द्यायला शिकले. पहिल्यांदा नाही म्हटलं तेव्हा ती बाई नुसतं बरं म्हणून निघून गेली. एवढ्याशा गोष्टीला मी आयुष्यभर भ्याले होते. शकीलाबींचा जोडा ईदच्या पंधरा दिवस आधी तयार झाला तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला, "बाजी, तबियत तो ठीक है ना?"

प्रार्थना मी अजूनही करते, पण आता कात्री हातात घेऊन करते आणि थोडक्यात करते. पाळकीणबाईंनी अंकासाठी काही बोध लिही म्हटलं होतं. मला एवढाच लिहिता येईल. देव धीर धरतो म्हणून आपण त्याच्या आडोशाला बसतो, पण दारात जे माणूस ताटकळत असतं ते देव नसतं, ती हिराबाई असते.

शेवटचे पैसे द्यायला गेले ते मार्गशीर्षातले दिवस होते, देवळाकडे गर्दी होती. दुकानापुढे माणसं जमलेली दिसली. गरम पाण्याच्या कुंडाच्या पायऱ्यांवरून एक लहान मुलगी घसरली होती, कपाळ फुटून रक्त येत होतं आणि तिची आई नुसती ओरडत होती. लोकांनी तिला दवाखान्यात न नेता आधी वनिताकडे आणलं होतं. शेजारचा फुलवाला मला म्हणाला, काही झालं की इथं हिच्याकडेच आणतात. वनितानं मुलीला मांडीवर घेतलं होतं. एका हातानं जखम दाबून धरली होती आणि दुसऱ्यानं गल्ल्याखालच्या डब्यातून धुतलेली, घडी घातलेली पट्टी काढत होती. मुलीशी ती हळू आवाजात बोलत होती, आईला एका शब्दात गप्प केलं. पट्टी अशी बांधली की मला त्यात एक सुरकुती दिसली नाही. गाठ कानामागे, टोचणार नाही अशी. मग रिक्षा थांबवून त्यांना दवाखान्याचा रस्ता सांगितला आणि टाके घालून घ्या, घरी जाऊ नका, असं दोनदा बजावलं.

मी पैसे मुठीत धरून बाजूला उभी होते. तिनं हात धुतले, पुसले, माझ्याकडे आली. पैसे घेतले, मोजले आणि गल्ल्यात टाकले.

"झाले बाई सगळे," ती म्हणाली. "आता यायला नको तुम्हाला."